फडकं झटकायचं नाही

एप्रिल संपत आला की आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये माणसं शिंकायला लागतात. कुणी शिंकलं की वॉचमन न विचारता सांगतो, "वहिनी वर गेल्यात." वहिनी म्हणजे माझी आई. ऐंशी ओलांडली, गुडघे कुरकुरतात, तरी लालबागच्या बाजारातून बेडगी आणि संकेश्वरी मिरच्या आल्या की त्या पिशव्या ती दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. काळाचौकीची आमची चाळ पाडून तिथंच हा टॉवर उभा राहिला. आईच्या लेखी वरची गच्ची अजून चाळीचीच आहे, फक्त जिना लांबलाय. सोसायटीनं तिथं सोलर पॅनल बसवायचं ठरवलं तेव्हा ती मीटिंगला गेली आणि वाळवणाला जागा कुठली ठेवणार, एवढंच विचारून आली. जागा ठेवली गेली. तिला नाही म्हणणार कोण.

यंदा शनिवारी मी तिच्याबरोबर वर गेले ती डोकं तापलेलं घेऊन. तिनं चटई अंथरली, मिरच्या पसरल्या, आणि त्यांच्यावर पांढरं मलमलीचं फडकं टाकून चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले. सोळाव्या मजल्यावरची नवी सून कैरीच्या फोडींचं ताट घेऊन आली होती. ती म्हणाली, "आजी, कपडा कशाला? डायरेक्ट ऊन लागू दे ना."

"कपड्यातून पण लागतं ऊन," आई म्हणाली.

मुलगी हसली आणि आपलं ताट पॅनलच्या ओळीपाशी उघडंच ठेवून गेली. मी त्या फडक्याकडे बघत बसले. कालपासून जे उत्तर सापडत नव्हतं, ते मला तिथं दिसायला लागलं होतं, पण अजून नीट हाताला लागत नव्हतं.

माझं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट आहे. आपल्या घरात विजेचं एक युनिट येतं. ते कोळशाचं असो, वाऱ्याचं असो, धरणाचं असो की उन्हाचं, त्याच्यापायी हवेत किती कार्बन गेला ते मी मोजते. फक्त वीज तयार होतानाचा नाही. खाण खणल्यापासून ते वीजकेंद्र मोडीत निघेपर्यंतचा, मधल्या ट्रकांच्या आणि आगगाड्यांच्या धुरासकट, सगळा. दादरला एका साड्यांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. आमचं म्हणजे माझं आणि मृणालचं. मृणाल इंजिनियर आहे, माझ्या निम्म्या वयाची आणि माझ्या दुप्पट वेगानं काम करणारी. नातेवाइकांना वाटतं की मी लाइटबिलाचं काहीतरी करते. मी ते दुरुस्त करायचा नाद सोडला आहे.

सोलर प्रकल्प उभारणाऱ्या एका कंपनीसाठी आम्ही सगळ्या प्रकारच्या विजेची तुलना करून दिली होती. कंपनीच्या माणसाचा शुक्रवारी फोन आला. आवाज तरुण आणि गोड.

"मॅडम, रिपोर्ट ए-वन आहे. फक्त ती सोलरची लाइन. पॅनल बनवतानाचा कार्बन काढून टाका ना."

"का?"

"पॅनल आपण कुठं बनवतो? ते बाहेरून येतं. आपल्या गेटच्या आत धूर नाय, आवाज नाय, सगळं झीरो. मग झीरोला झीरो बोलायला काय जातंय?"

"अहो, सगळं धरूनही तुमचा आकडा कोळशाच्या घोट्याला लागत नाही. तुम्ही जिंकलेलेच आहात."

"जिंकलोय ना? मग अजून थोडं जिंकू द्या," तो हसत म्हणाला. "छोटा आकडा लोकांना समजवावा लागतो, मॅडम. झीरो समजवावा लागत नाही. सोमवारपर्यंत बघा. पुढच्या वर्षभराचं काम तुम्हालाच द्यायचंय आम्हाला."

शेवटच्या वाक्यात काय होतं ते मला कळलं आणि मृणाललाही कळलं. ते वर्षभराचं काम मिळालं तर ऑफिस चालणार होतं. नाही मिळालं तर मृणालचा पगार कुठून काढायचा, हा प्रश्न होता. तीच म्हणाली, "मॅडम, नियमात बसतं हे. मोजणीची हद्द आपण प्रकल्पाच्या गेटाशी आखली असं खाली बारीक अक्षरात लिहिलं की झालं." ती चूक नव्हती. नियमात बसतंच. मोजायचं कुठून कुठपर्यंत ती रेघ आपणच आखायची असते, आणि कुठं आखली ते सांगितलं की कुणी हात धरत नाही. ते 'कुणी हात धरत नाही' माझ्या मनात रात्रभर कुसळासारखं टोचत राहिलं.

आमच्या जुन्या गच्चीवरही रेघा असत. वाळवणाचे दिवस आले की बायका विटकरीच्या तुकड्यानं गच्ची वाटून घेत. कठड्याकडची पट्टी वाकड्या रेघेनं आमची, टाकीजवळची शेजारच्या तुळसामावशीची. कुणाचे पापड, कुणाच्या कुरडया, कुणाची कोकमाची सोलं, आणि सुके बोंबील असतील तर वाऱ्याच्या पार पलीकडल्या टोकाला, कारण शेजारधर्म सांभाळायचा असे. आणि या सगळ्याच्या डोक्यावर मिलची चिमणी. इतकी जवळ की लहानपणी मला ती चाळीचीच वाटायची. तिच्यातून दिवसभर धूर निघे आणि काजळीचे बारीक तुकडे आमच्यावर उतरत राहत. ते हलके, मऊ असायचे, बोट लावलं की पसरायचे. गिरणगावात पांढरा सदरा बाहेर वाळत घालणारा माणूस नुकताच गावाहून आलेला आहे असं खुशाल समजावं.

म्हणून वाळवणावर फडकं. तेही त्याच मिलमधलं, उरलेल्या तुकड्यांतून बाबांनी आणलेलं. वरून मिलची काजळी, खाली मिलचंच मलमल, आणि मध्ये आमचे पापड. आम्हाला यात काही विशेष वाटत नसे.

आणि एक नियम होता, जो कुणी कुणाला शिकवत नव्हतं. संध्याकाळी वाळवण उचलताना फडकं झटकायचं नाही. दोघींनी कोपरे धरायचे, काजळी आत राहील असं दुमडायचं, खाली मोरीत न्यायचं आणि बादलीत बुडवायचं. कारण झटकलं की आपल्या फडक्यावरची काजळी वाऱ्यानं शेजारणीच्या पापडांवर. एकदा तुळसामावशीकडून, कुठल्याशा भांडणाच्या तिरीमिरीत, फडकं झटकलं गेलं. आमच्या ओल्या पापडांवर काळे ठिपके उमटले. मावशीनं आपल्या पाटीतले निम्मे पापड उचलले, आमच्या पाटीत ठेवले आणि आमचे ठिपक्यांचे स्वतःच्या पाटीत घेतले. पुढं वर्षभर ती ते तळून खात होती आणि कुरकुरत होती, पण स्वतःवरच.

तुळसामावशी आमची शेजारीण, घाटावरची. तिच्या बोलण्यात राग आणि माया यांचा सूर एकच असे, त्यामुळे आम्ही पोरं दोन्हीला सारखीच घाबरायचो. चाळीच्या बोळातला दिवा उगाच जळताना दिसला की ती ओरडायची, "बंद कर की ग पोरी! माझ्या आईच्या गावावरचं पानी हाय त्ये." मला ते कळायचं नाही. मग बाबांनी सांगितलं. बाबा मिलच्या सायझिंग खात्यात होते, म्हणजे विणायच्या आधी सुताला खळ चढवायची तिथं. ते म्हणाले, चिमणीचा धूर आमच्या खात्याचा, खळ शिजवायला आणि सूत वाळवायला वाफ लागते त्या बॉयलरचा. पण साचे म्हणजे माग चालतात, दिवे लागतात, ती वीज घाटातल्या धरणाची. पाणी वरून पडतं आणि वीज होते. आणि त्या धरणाच्या पाण्याखाली बरीच गावं गेली, त्यांत मावशीच्या आईचं.

आज धरणाच्या विजेची मोजणी करायला बसते तेव्हा मावशी डोक्यात असतेच. वीज तयार होताना धूर नाही, हे खरं. पण धरणाला सिमेंट लागलं, सिमेंटला भट्टी लागली. पाण्याखाली गेलेली झाडं तिथंच कुजत राहतात आणि त्यांचा वायू वर येत राहतो. तो मोजायची पद्धत आहे आणि आम्ही तो मोजतो. मावशीच्या आईचं घर कुठं धरायचं त्याला मात्र रकाना नाही. निदान जे धरता येतं ते तरी सोडू नये, इतकं मला कळतं.

मग गिरणी कामगारांचा संप झाला. पहिला उन्हाळा उमेदीत गेला, त्याबद्दल पुष्कळांनी सांगितलं आहे. मला आठवतो तो दुसरा. चिमणी गप्प होऊन वर्ष उलटलं होतं. भोंगा नव्हता, त्यामुळे सकाळ कधी झाली हे चाळीला नीट कळत नसे आणि पुरुष घरातच असल्यामुळे बायकांना कुठं वावरावं ते समजत नसे. माझा थोरला काका बिऱ्हाड गुंडाळून आमच्या गावी, मालवणला गेला. आमच्याकडे दुपारी पेज आणि सुकट, आणि बरेचदा सुकटही नाही.

आणि आभाळ, काय सांगू, इतकं स्वच्छ आभाळ मी लालबाग-परळवर त्याआधी पाहिलं नव्हतं. गच्चीवरून थेट शिवडीच्या खाडीपर्यंत दिसायचं. त्या वर्षीचे पापड पांढरेशुभ्र वाळले. फक्त ते उडदाचे नव्हते, रेशनच्या तांदळाचे होते, आणि आमच्या पट्टीतली निम्मी जागा रिकामी राहत होती. त्या उन्हाळ्यात कुणी आमच्या गच्चीवर हवा मोजायचं यंत्र लावलं असतं, तर त्यानं आम्हाला शाबासकी दिली असती. मी अकरा वर्षांची होते. मला तेव्हा भूक आणि निळं आभाळ या दोन गोष्टी एकदमच कळल्या आणि त्या अजून माझ्या मनात सुट्या होत नाहीत.

एकेकीनं फडकी घालणं सोडलं. काजळीच नाही तर झाकायचं कशाला? मलमलीचे तुकडे पोरांच्या झबल्यांना लागले. फक्त आमच्या पट्टीवर फडकं असायचं. आई रोज ते अंथरायची, कोपऱ्यांवर दगड ठेवायची.

"वैनी, वर बघ की जरा," तुळसामावशी म्हणायची. "आभाळ कसं धुतल्यावानी हाय. कशाला झाकतीस?"

"येतली," आई म्हणायची.

काजळी येईल. एवढंच. आई मोर्च्याला गेली नाही, घोषणा तिला जमल्या नसत्या. मिल सुरू होणार यावरचा तिचा विश्वास तिनं पापडांवर अंथरला होता. मावशी हसायची, बाकीच्याही हसायच्या, पण मी पाहिलं आहे, खाली जाताना त्यातली एखादी आमच्या फडक्याकडे वळून बघायची.

एके दिवशी सकाळी चिमणीतून धूर निघाला.

आधी पांढुरका, मग काळा. सगळ्यात आधी मावशीनंच पाहिला. तिनं जिन्यातून हाक मारली ती कुणाच्या नावानं नव्हती, नुसती हाक होती. बायका धावत वर आल्या. कुणी लुगड्याचा पदर, कुणी चादर, जे हाताला लागेल ते घेऊन आपापलं वाळवण झाकायला लागल्या आणि झाकता झाकता हसायला लागल्या. काजळी पडत होती आणि बायका तोंड वर करून ती अंगावर घेत होत्या. मावशीच्या गालावर काळा ओघळ होता. ती आईला म्हणाली, "आली ग वैनी, तुझी काजळी."

रातोरात तडजोड झाली असणार, असंच सगळ्यांनी धरलं. धूर म्हणजे बॉयलर, बॉयलर म्हणजे काम. यात चूक होऊ शकते असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही, कारण आम्ही जन्मभर त्या चिमणीकडे बघूनच ऊठबस केलेली. खाली घराघरांत दाढीचे ब्रश निघाले. बाबांनी ठेवणीतला खाकी सदरा काढला. "डबो भर," ते आईला म्हणाले, "मी जातंय." आईनं होतं नव्हतं ते पीठ मळून चपात्या केल्या. चाळीतून माणसं निघाली ती सणाला निघाल्यासारखी. ज्यांची मिल ही नव्हती तेही बघायला निघाले.

दुपारी बाबा परत आले. डबा तसाच होता. त्यांनी तो ओट्यावर ठेवला, सदरा काढून खुंटीला लावला आणि भिंतीला टेकून बसले.

"बॉयलर विकूक काढलो हा," ते म्हणाले. "गिऱ्हाईक इला. तेका चालवून दाखवतत."

ज्या धुरासाठी आईनं रोज फडकं अंथरलं, तो मिल सुरू झाल्याचा नव्हता, मिल विकायला काढल्याचा होता. आई म्हणाली, "जेवा आधी." तिनं तोच डबा उघडून ताटात वाढला. आम्ही सगळे त्या चपात्या जेवलो. खरं सांगते, त्या चांगल्या लागल्या आणि मला त्याची लाज वाटली.

संध्याकाळी मी तिच्याबरोबर गच्चीवर गेले. धूर केव्हाच थांबला होता. सगळ्या गच्चीत नीट झाकलेले होते ते फक्त आमचे पापड, आणि आमच्या फडक्यावर काळे ठिपके सांडलेले होते. वारा सुटला होता. त्या दिवशी तिनं ते फडकं हवेत झटकून सगळ्या जगावर काजळी उडवली असती तरी गच्चीवर कुणी चकार शब्द काढला नसता. तिनं दोन कोपरे माझ्या हातात दिले. आम्ही ते आत दुमडलं.

पुढं पावसाळा सरल्यावर बाबा भिवंडीला लागले. लोकांना वाटतं संप फसला आणि कापडाचा धंदा संपला. तसं काही झालं नाही. कापड विणलं जातच होतं, माणसं काही उघडी फिरत नव्हती. ते आता भिवंडीच्या यंत्रमागांवर विणलं जात होतं, पत्र्याच्या शेडमध्ये. तिथंही सुताला खळ लागते, म्हणून बाबांना त्यांचंच काम मिळालं, अर्ध्या पगारावर आणि कायम नसलेल्या नोकरीवर. तिथल्या बॉयलरात लाकूड, चिंध्या, मिळेल ते जाळत. बाबा आठवड्याला एकदा घरी येत तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या शिवणींत काजळी असे. आमच्या गच्चीवरचं आभाळ निळं होतं आणि बाबांचा सदरा काळा. आई तो सदरा काढून घ्यायची आणि तोही आत दुमडून मोरीत न्यायची.

एका रविवारी मी बाबांना विचारलं, "तिथं गच्चीवर पापड घालतात?"

"घालतत."

"मग काजळी पडत नाही त्यांच्यावर?"

"पडता. काळे होतत."

"मग?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "मगे काय. खातत."

मी पुढं शिकले, शिष्यवृत्त्या मिळवल्या, या कामात पडले, त्याची कारणं मुलाखतीत विचारली की मी हवामान, पृथ्वी वगैरे बोलते. ती खोटी नाहीत. पण मुळाशी बाबांचं ते 'खातत' आहे. आमचा धूर थांबला नव्हता, तो भिवंडीच्या बायकांच्या पापडांवर जाऊन पडत होता, आणि आम्ही मान वर करून आभाळ किती छान दिसतं म्हणत होतो. मला तेव्हा फार राग आला. कुणाचा ते कळत नव्हतं. आता कळतं. रेघ जिथं आपल्याला सोयीची तिथं ओढून पलीकडचं आपलं नाही म्हणणाऱ्याचा.

शनिवारी आईच्या फडक्याकडे बघताना हे सगळं एका जागी आलं. ज्या पॅनलांच्या सावलीशी ती मुलगी कैऱ्या ठेवून गेली, त्यांची काच कुठल्यातरी भट्टीत वितळली. त्यातलं सिलिकॉन वाळूपासून काढायला प्रचंड वीज लागली, आणि ती वीज बहुतेक कोळशाची होती. त्या कोळशाचा धूर कुठल्यातरी दूरच्या गावावर पडला. तिथंही गच्च्या आहेत. तिथल्या बायका काय वाळवतात मला माहीत नाही, पण काहीतरी वाळवतच असतील.

आता कुणी माझ्या तोंडी भलतं घालू नये म्हणून स्पष्ट सांगते. सगळं मोजलं, काच, सिलिकॉन, अॅल्युमिनियमची चौकट, बोटीचं तेल, ट्रक, आणि शेवटी पॅनल मोडीत काढताना होणारा धूर, तरी उन्हाची वीज कोळशापेक्षा कितीतरी स्वच्छ निघते. वाऱ्याच्या चक्कीचं पोलाद आणि पायातलं सिमेंट धरलं तरी तेच. अणुविजेच्या खाणी आणि तिची वर्षानुवर्षं चालणारी मोडतोड धरली तरी ती खालच्याच रांगेत राहते. कोळसा वर आहे आणि वरच राहतो, कारण त्याचं जाळणं संपत नाही. पॅनल एकदा बनतं आणि मग वर्षानुवर्षं मुकाट्यानं वीज देतं. म्हणून तर मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पॅनलच्या बाजूनं हात वर केला होता. जी गोष्ट खरं बोलूनही जिंकते तिच्यासाठी खोटं बोलायची गरज नाही, आणि शून्य लिहिलं की ते पॅनल कमी धुरात कसं बनवायचं हे विचारायचंही कुणाला कारण उरत नाही. त्या दूरच्या गावाला तर हेच विचारलं जायला हवं आहे.

सोमवारी मी पूर्ण तक्ता पाठवला. सोलरच्या ओळीत पॅनल बनवण्याचा आकडा होता, तोही बारीक अक्षरात नाही, बाकीच्या आकड्यांएवढ्याच टायपात. अर्ध्या तासात फोन आला.

"मॅडम, तुम्ही सोलरच्या अगेन्स्ट आहात का?" त्याचा गोडवा कमी झाला होता.

"नाही. माझ्या घराच्या गच्चीवर आहे सोलर."

"मग प्रॉब्लेम काय आहे? जिथून काही निघतच नाही ते मोजायचं कशाला?"

"कारण जिच्यातून काहीच निघत नव्हतं अशा चिमणीखाली मी राहिले आहे," मी म्हटलं.

त्याला ते कळलं नाही आणि कळावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. "मग आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल," तो म्हणाला.

"बघा."

मी फोन ठेवला. मृणालनं सगळं ऐकलं होतं. "आता?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "आता दुसरं काम शोधायचं. तुझा पगार थांबणार नाही, माझा थांबेल थोडे दिवस." ती म्हणाली, "तसलं काही नको, मॅडम, दोघींचा अर्धा अर्धा थांबवू." मग तिनं खाली जाऊन चहा सांगितला आणि आम्ही कुणाकुणाला फोन करायचे ते बोलत बसलो. उद्या काय होईल मला माहीत नाही. आणखी एखादी कंपनी मिळेल जिला खरा आकडा चालेल, किंवा नाही मिळणार. दारं ठोठावायची मला सवय आहे. मी संपकऱ्याची मुलगी आहे.

संध्याकाळी घरी आले तर आई वर गेलेली. मीही गेले. ऊन उतरलं होतं, मिरच्या खडखडीत वाळल्या होत्या. फडक्यावर बाजूच्या टॉवरच्या बांधकामाची सिमेंटची पांढरी धूळ बसली होती, बरीच. हल्ली काजळी अशी पांढरी असते.

"काम गेला?" आईनं विचारलं. मी तिला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. माझ्या चालण्यावरून तिला काय कळतं देव जाणे.

"गेलं."

तिनं मान हलवली. वाकून एकेक दगड बाजूला केला. वारा खाडीकडून आत येत होता आणि वाऱ्याच्या वाटेवर, पॅनलच्या ओळीपाशी, सोळाव्या मजल्यावरच्या मुलीचं ताट अजून उघडंच होतं. ती स्वतः कुठं दिसत नव्हती. गच्चीवर आम्ही दोघीच होतो. आईनं त्या ताटाकडे पाहिलं, मग दोन कोपरे उचलून माझ्यापुढं धरले.

"धर गो," ती म्हणाली.

मी धरले, आणि चालत जाऊन माझे कोपरे तिच्या कोपऱ्यांवर ठेवले.